ओकेचा फुल फॉर्म काय?

पाटीपेन्सिल
काल रात्री जेवताना लेकीने (इयत्ता पाचवी) विचारलं, "बाबा, ओकेचा फुल फॉर्म काय?" तोंडात घास होता म्हणून मी वाचलो. माझे वडील मात्र उत्साहाने म्हणाले, "ऑल करेक्ट!" पोरगी क्षणभर थांबली. "मग एसी व्हायला पाहिजे ना, आजोबा?"

आजोबा गप्प. मीही गप्प. आई म्हणाली, "ताटावर बसून ओकायच्या गोष्टी कसल्या करता? जेवा मुकाट."

तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. आज ऑफिसात मुद्दाम मोजलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी एकतीस वेळा ओके म्हणालो. साहेबांना म्हटलं त्याचा अर्थ 'करतो'. शेजारच्या टेबलावरच्याला म्हटलं त्याचा अर्थ 'ऐकलं, पण करणार नाही'. बायकोचा फोन आला, "भाजी कशी होती?" म्हटलं, "ओके होती." याचा अर्थ काय होतो ते संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं. आणि फोन ठेवताना 'ओके ओके, चल, ओके' म्हणतो त्याला तर काहीच अर्थ नाही.

तर मंडळी, दोन प्रश्न. हा शब्द आला कुठून? आणि तो यायच्या आधी आपण मराठी माणसं त्या जागी काय म्हणत होतो?

चहाटळ
ओके.

चहाटळ
(पहिला प्रतिसाद माझा, एवढीच नोंद करायची होती.)

गोदाकाठ
अहो, हा आपलाच शब्द आहे. ओंकार! ओंकारातला ओ आणि क. शुभारंभाला ओम म्हणायची आपली पद्धत, तीच पुढे तिकडे गेली. मला व्हॉट्सॅपवर सविस्तर आलं होतं, सापडलं की डकवतो.

कोरडा_पाषाण
@गोदाकाठ, व्हॅटिकन म्हणजे वाटिका आणि ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती असं सांगणारे पु. ना. ओक आठवले. तुमची व्युत्पत्ती बघता 'ओके' हा शब्द थेट त्यांच्या आडनावावरूनच आला असं मानायला हरकत नाही. ह.घ्या. (हलके घ्या).

फौजदाराचा_पुतण्या
मला शाळेत सरांनी सांगितलेलं वेगळं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढाईनंतर छावणीबाहेर फलक लावत, आज किती मेले. कोणीच मेलं नाही तर 'झिरो किल्ड'. शून्य म्हणजे ओ, किल्ड म्हणजे के. म्हणजे सगळं आलबेल. पटतं की नाही?

चार्ल्सकाठची
पटतं, पण तारखा जुळत नाहीत. ते युद्ध १८६१ साली सुरू झालं आणि ओके त्याच्या बावीस वर्षं आधी छापून आलेलं आहे. मी गेली काही वर्षं बॉस्टनजवळ राहते आणि हे प्रकरण माझ्याच गावचं असल्यामुळे जरा लांबड लावते. कंटाळा आला तर खाली सरका.

२३ मार्च १८३९. 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या दैनिकात संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी प्रॉव्हिडन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाची टोपी उडवणारा मजकूर छापला. त्यात सहज जाता जाता 'ओ. के.' अशी दोन अक्षरं आणि लगेच पुढे 'ऑल करेक्ट' असा खुलासा. आजवर सापडलेला हा सर्वात जुना छापील ओके.

आता पाटीपेन्सिल यांच्या लेकीचा प्रश्न, मग एसी का नाही. शाबास पोरी! तीच तर गंमत आहे. त्या वर्षी-दोन वर्षांत बॉस्टनच्या वृत्तपत्रवाल्यांना लघुरूपांचं खूळ लागलं होतं. त्यावर कडी म्हणून ती लघुरूपं मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची करायची. अडाणी माणूस लिहील तसं. ऑल हा शब्द ए ऐवजी ओ ने, करेक्ट हा सी ऐवजी के ने. म्हणजे 'सगळं बरोबर आहे' हे सांगणारी दोन्हीच्या दोन्ही अक्षरं चूक! ओकेची भावंडंही होती. 'ऑल राइट' साठी ओ. डब्ल्यू. 'नो यूज' मधला 'नो' हा जाणण्याचा 'नो' समजून के. वाय. तसाच 'नो गो' साठी के. जी. ही सगळी मेली. एकटा ओके जगला.

का जगला, तर निवडणूक. १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहुक, म्हणून ते 'ओल्ड किंडरहुक'. कार्यकर्त्यांनी ओके क्लब काढले, घोषणा दिल्या. विरोधक कमी नव्हते. त्यांनी पुडी सोडली की व्हॅन ब्युरेन यांचे गुरू, आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन, यांना स्पेलिंग येत नाही. तेच कागदावर ऑल करेक्टच्या ऐवजी ओके असा शेरा मारायचे. व्हॅन ब्युरेन पडले, विल्यम हेन्री हॅरिसन आले, पण दोन्ही बाजूंच्या तोंडी शब्द बसला तो बसलाच.

हे सगळं जुनी वृत्तपत्रं चाळून शोधून काढलं ॲलन वॉकर रीड या कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापकाने. १९६३-६४ साली त्याचे लेख आले. तोवर सव्वाशे वर्षं जो तो आपापली कथा सांगत होता.

मधली_सुट्टी
जबरदस्त प्रतिसाद! वाखु (वाचनखूण) साठवली.

चहाटळ
म्हणजे माझ्या दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात जे होतं त्याला आता 'लघुरूपांचं खूळ' म्हणता येईल. तेव्हा मास्तरांना हे माहीत असतं तर!

बोरूबहाद्दर
चार्ल्सकाठची यांच्या मेहनतीला दाद देऊन एक शंका. छापून पहिल्यांदा कधी आलं हे कळलं म्हणून शब्द जन्मला कधी हे कळतं का? आपल्याकडे 'च्यायला' छापून यायला किती वर्षं लागली असतील, बोलत तर लोक आधीपासून होतेच ना?

अमेरिकेतल्या चोक्टॉ या मूळ रहिवाशांच्या भाषेत 'आहे, असंच आहे' या अर्थाचा ओकेसारखा शब्द आहे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन हीच व्युत्पत्ती खरी मानून 'ओकेह' असं लिहीत. १९१८ साली निघालेली ओकेह नावाची रेकॉर्ड कंपनी होती, तिथेही हेच स्पेलिंग (तिच्या मालकाच्या नावाची आद्याक्षरंही त्यात बसवली होती, तो भाग वेगळा). दुसरं, पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेत 'वाव के' म्हणजे 'हो तर'. डेव्हिड डॅल्बी या भाषाअभ्यासकाने मांडलं होतं की गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर हा शब्द अमेरिकेत गेला. त्या माणसांचं बोलणं १८३९ साली कोणता संपादक छापणार होता? छापील पुरावा ज्यांच्या हातात छापखाना त्यांचाच असतो.

चार्ल्सकाठची
@बोरूबहाद्दर, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. पण इथे एक गोष्ट आड येते. शब्द आधीपासून लोकांच्या तोंडी असता तर संपादकाला पुढे 'ऑल करेक्ट' असं समजावून सांगायची गरज पडली नसती. आणि ओ. डब्ल्यू., के. वाय. ही भावंडं त्याच पाळण्यात सापडतात. एकट्या ओकेला चोक्टॉ किंवा वोलोफ आईबाप दिले तर या भावंडांचं काय करायचं?

बोरूबहाद्दर
भावंडांचा मुद्दा वजनदार आहे. तरी 'वाव के' ऐकणाऱ्याच्या कानाला नवा ओके ओळखीचा वाटला असेल आणि म्हणून तो पटकन रुजला असेल, एवढी फट मी उघडी ठेवतो.

चार्ल्सकाठची
ठेवा. फटीला माझी ना नाही.

फौजदाराचा_पुतण्या
म्हणजे सरांनी आम्हाला फसवलं. तीस वर्षं मी हे लोकांना सांगतोय हो.

फाळका
इतका वेळ धागा चाललाय आणि अजून 'हॉर्न ओके प्लीज' कोणी काढलं नाही? लाज वाटली पाहिजे.

माझे मामा ट्रक रंगवायचे, कराडला. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली डबे धुवायला. मागचा फाळका आधी पिवळा मारायचा, वाळला की खडू लावलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून मधोमध टिचकी मारायची. सरळ पांढरी रेघ उमटे, ती बघायला मी तासभर उभा राहीन. त्या रेघेवर लाल अक्षरं. डाव्या हाताला हॉर्न, उजव्या हाताला प्लीज, आणि मध्ये सगळ्यात मोठं ओके, त्याला काळी सावली. मी एकदा विचारलं, "मामा, हॉर्न प्लीज कळलं. मध्ये हे ओके कशाला?" मामा ब्रश पुसत म्हणाले, "मध्ये जागा उरती." बास. मालकही गाडी लावताना एवढंच म्हणायचा, "नेहमीचं लिवा."

मोठा झाल्यावर बरंच ऐकलं. कोणी म्हणतं महायुद्धात डिझेलची टंचाई होती तेव्हा ट्रक रॉकेलवर चालत, म्हणून 'ऑन केरोसिन'. मागच्याने जपून राहावं. कोणी म्हणतं टाटांच्या ओके साबणाची जाहिरात. कोणी म्हणतं तिथे पूर्वी दिवा असे, ओव्हरटेक करायला रस्ता मोकळा असला की पुढचा ड्रायव्हर तो लावायचा. माझा विश्वास मामांवर.

कोरडा_पाषाण
'मध्ये जागा उरती' ही आजवर वाचलेली सर्वात प्रामाणिक व्युत्पत्ती आहे.

मधली_सुट्टी
पण महाराष्ट्रात त्याच्यावर बंदी आली ना? २०१५ साली परिवहन आयुक्तांनी काढलेला आदेश आठवतोय. त्या पाटीमुळे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात, ध्वनिप्रदूषण होतं म्हणून.

फाळका
आली की. पाट्या गेल्या काही, हॉर्न राहिले सगळे.

नागपुरी_संत्री
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे आहे ना भाऊ. ओकेच्या आधी आम्ही 'हव' म्हणत होतो आणि आताही म्हणतो. 'हव' मध्ये ओकेचे सगळे अर्थ येतात. आवाज लांबवला की 'समजलं', तोडला की 'पुरे आता', आणि 'हव ना बे' म्हटलं की समोरच्याने विषय बंद करावा.

वरणफळं
आमच्याकडे 'बरं'. माझं तर स्पष्ट मत आहे की ओकेने मराठीतलं काही मारलं असेल तर ते 'बरं'. माझी आई फोनवर दहा मिनिटं फक्त 'बरं' वर काढायची. "बरं... बरं... बरं!... बरं?... बरं." पलीकडे कोण आहे, काय झालं, ताप उतरला की वाढला, लग्न ठरलं की मोडलं, ते सगळं आम्हाला इकडे बसून कळायचं. आता मी लेकाशी बोलते तर तो 'ओके ममा', 'ओके', 'ओके बाय'. सगळे एकाच पट्टीत. पोरगं आजारी आहे की आनंदात, काही पत्ता लागत नाही.

पाटीपेन्सिल
@वरणफळं, अगदी अगदी. वडिलांचं अजूनही तसंच. आणि ते 'बरं का' म्हणाले की समजावं पुढे उपदेश आहे.

बोरूबहाद्दर
थोडा विरोध. 'बरं' ची जागा ओकेने पुरती घेतलेलीच नाही. भाजी 'बरी' आहे आणि भाजी 'ओके' आहे, दोन्हींत बायको रागावते, इथवर ठीक. पण साहेबांकडून फाइल 'ओके करून घ्यायची' असते, 'बरी करून' नाही. तिथे आपल्याकडे आधी मंजूर होतं, रुजू होतं. पेशवाईतल्या पत्राखाली 'मोर्तब सूद' असा शिक्का असे, म्हणजे कागद पुरा झाला, आता यापुढे काही घालू नये. शिक्कामोर्तब हा शब्द अजून जिवंत आहेच. ओके आला तो या दोन वेगळ्या खोल्यांमधली भिंत पाडून. बोलण्यातला होकार आणि कागदावरची मंजुरी, दोन्हींना एकच किल्ली.

अवांतर: बॉस्टनमध्ये हा चावटपणा चालला होता तेव्हा मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघत होतं, १८३२ ते १८४०. एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. आपले संपादक तेव्हा लोकांना शहाणं करण्यात गुंतले होते. त्यांना स्पेलिंग बिघडवायला सवड नव्हती.

समुद्रखडा
हाताने केलेल्या ओकेबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून माझी फजिती सांगतो. तारकर्लीला स्कूबा करायला गेलो. किनाऱ्यावर पोराने खुणा शिकवल्या, माझं अर्धं लक्ष कॅमेऱ्यात. पाण्यात उतरलो, खाली रंगीत मासे, स्वर्ग नुसता. त्याने अंगठा आणि तर्जनी जोडून विचारलं, ओके? मी आनंदाने अंगठा वर केला. त्याने मला दंडाला धरलं आणि थेट वर आणलं. पुन्हा खाली. पुन्हा ओके? पुन्हा माझा अंगठा. पुन्हा वर! तिसऱ्यांदा तोंडातली नळी काढून तो म्हणाला, "भाऊनू, अंगठो म्हणजे वर चला. बरा असात तर गोल करा."

पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर जायचं' आणि गोल म्हणजे ओके, हे जगभर तसंच आहे म्हणे. जमिनीवर मात्र जपून. तोच गोल ब्राझीलमध्ये दाखवला तर शिवी होते आणि फ्रान्समध्ये त्याचा अर्थ शून्य, भिकार असाही होऊ शकतो.

चहाटळ
म्हणजे 'भाजी ओके होती' हे फ्रेंच पद्धतीचं ओके.

नागपुरी_संत्री
ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट)

जळगावकर
भावांनो, गुवाहाटी विसरले का? जून २०२२. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचा कार्यकर्त्याशी झालेला फोन. झाडी, डोंगार, हाटील आणि शेवटी ते 'ओक्के'. त्यानंतर आमच्या गावात लग्नपत्रिकेपासून रसवंतीच्या पाटीपर्यंत सगळीकडे ओक्के. आमचा न्हावी दाढी झाली की आरसा धरून अजून तेच विचारतो.

वरणफळं
राजकारण नको हं धाग्यावर.

जळगावकर
राजकारण नाही ताई, व्याकरण आहे. ओके आणि ओक्के हे दोन वेगळे शब्द आहेत. ओके म्हणजे चालेल. ओक्के म्हणजे झकास. एक क जोडला की दर्जा वाढतो. इंग्रजाला हे जमणार नाही.

बोरूबहाद्दर
हे निरीक्षण पक्कं आहे. पका-पक्का, साचा-सच्चा, त्याच रांगेत ओके-ओक्के. परक्या शब्दाला द्वित्त द्यायला लागलो म्हणजे तो घरचा झाला.

चार्ल्सकाठची
आणि गंमत बघा, ओके जगला तो १८४० च्या निवडणुकीमुळे. राजकारण्याच्या तोंडी बसलेला शब्द लोक सोडत नाहीत, मग तो पक्ष कोणताही असो.

आकाशकंदील
थोडं वर बघू या. २० जुलै १९६९. ईगल यान चंद्राला टेकलं त्या क्षणाचं संभाषण नोंदलेलं आहे. पाय टेकल्याचा दिवा लागला हे ऑल्ड्रिन सांगतो, आर्मस्ट्राँग इंजिन बंद झाल्याचं सांगतो आणि ऑल्ड्रिन म्हणतो, "ओके. इंजिन स्टॉप." 'माणसाचं छोटं पाऊल' वगैरे सगळं नंतर, कित्येक तासांनी. म्हणजे यान नीट टेकल्यावर चंद्रावर उच्चारल्या गेलेल्या अगदी पहिल्या काही शब्दांत हा चुकीच्या स्पेलिंगचा ओके आहे.

मधली_सुट्टी
अंगावर काटा आला. 'सगळं बरोबर' म्हणायला निघालेला चुकीचा शब्द, तोही चंद्रावर.

कोरडा_पाषाण
मला वेगळाच प्रश्न पडलाय. आपण इथे काय करतोय? ह.घ्या., पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत), वाखु, ह.ह.पु.वा., प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). नवीन सदस्य येतो तेव्हा पहिले आठ दिवस त्याला आपण काय बोलतो ते कळत नाही. हेच ते बॉस्टनचं खूळ! चार टवाळ लोक एका छापील जागेवर जमले की लघुरूपं पडायला लागतात. यातलं कोणतं पावणेदोनशे वर्षं टिकेल?

वरणफळं
एकही नाही. 'पुलेशु' ऐकायला कपडे धुवायच्या पावडरीसारखं आहे.

चहाटळ
आपण ओकेचा मराठी अवतार काढू. नियम तोच. आधी 'सर्व ठीक' घ्या. मग दोन्ही शब्द चुकवा. स चा श, ठ चा थ. 'शर्व थीक'. लघुरूप: शथी.

फौजदाराचा_पुतण्या
शथी! मला आवडलं. पण उगम काय सांगायचा?

गोदाकाठ
शक्ती आणि स्थिती या दोन संस्कृत शब्दांचा संयोग.

कोरडा_पाषाण
गोदाकाठ साहेब, तुम्हाला साष्टांग नमस्कार. तुमच्यामुळे आमच्या शब्दाला जन्मतःच खोटी व्युत्पत्ती मिळाली. आता तो जगणार.

जळगावकर
आता फक्त एक पडणारा उमेदवार पाहिजे.

चार्ल्सकाठची
शेवटचा एक धागा, फाळका यांच्यासाठी राखून ठेवला होता. ज्या मजकुरात तो पहिला ओके आला, तो मजकूर बॉस्टनमधल्या एका मंडळाबद्दल होता. मंडळ थट्टेचं, नाव मात्र भारदस्त: घंटा-वाजवणी-विरोधी मंडळ. गावात जेवणाची घंटा वाजवावी की नाही यावर नगरपालिकेने नियम केला होता, त्यावरून यांची सगळी टवाळी.

फाळका
म्हणजे ओकेचा जन्म आवाज करावा की नाही या भांडणात झाला आणि तो येऊन बसला आमच्या फाळक्यावर, हॉर्नच्या शेजारी? आणि बंदी आली तीही आवाजावरूनच?

मामांना आत्ता फोन करून सांगितलं. ऐकून घेतलं सगळं. बॉस्टन, घंटा, १८३९. मग म्हणाले, "आसंल. पर मध्ये जागा उरती म्हणून लिवायचो मी."

पाटीपेन्सिल
सर्वांचे आभार. लेकीला बसवून सगळं वाचून दाखवलं (च्यायला सोडून). चुकीच्या स्पेलिंगवर ती खूश. उद्या इंग्रजीच्या बाईंना सांगणार आहे म्हणे. मी म्हटलं, सांग, पण वहीत करून बघू नकोस.

आत्ता वडील आले. म्हणाले, "म्हणजे मी सांगितलं तेच बरोबर होतं की. ऑल करेक्ट." पोरगी म्हणाली, "हो आजोबा, पण स्पेलिंग चुकलं." आईने आतून विचारलं, जेवायला वाढू का? तिघांनी एकदम काय उत्तर दिलं असेल?

चहाटळ
शथी.